दोन कप जिंकून देणाऱ्या माइक सुलिवनला पिट्सबर्ग पेंग्विन्सने काढलं की तो स्वतःहून गेला?

तुम्ही खरं तर दोन प्रश्न विचारलेत, काढलं की गेला हा एक, आणि दोन स्टॅनले कप (एनएचएल या इथल्या आइस हॉकी लीगची ट्रॉफी) आणून देणाऱ्या कोचला कोणी असं जाऊ देतं का हा दुसरा. मी पिट्सबर्गला राहते, इथे येईपर्यंत मला हॉकी म्हणजे ध्यानचंद एवढंच माहीत होतं, पण या गावात राहून पेंग्विन्सच्या, म्हणजे इथल्या आइस हॉकी टीमच्या, नादी न लागणं अवघड आहे, त्यामुळे जमेल तेवढं सांगते.

नारळ दिला असं म्हणता येणार नाही, आणि राजीनामा तोंडावर फेकून गेला असंही नाही. २८ एप्रिल २०२५ ला टीमने जाहीर केलं की आम्ही आणि सुलिवन वेगळे होतोय. त्याचं कॉन्ट्रॅक्ट २०२६-२७ च्या सीझनपर्यंत होतं म्हणजे अजून पुरती दोन वर्षं बाकी, आणि २ मे ला तो न्यूयॉर्क रेंजर्सचा कोच झालासुद्धा. चार दिवसांत! तेही त्याच डिव्हिजनमधली टीम. आता यात पैशाची भानगड समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. एनएचएलमध्ये कोच कॉन्ट्रॅक्टमध्ये असेल तर दुसरी टीम त्याच्याशी परवानगीशिवाय बोलू शकत नाही. टीमने त्याला काढलं तर उरलेल्या वर्षांचा पगार टीमच्याच बोकांडी, तो दुसरीकडे कामाला लागेपर्यंत. कोचचा पगार सॅलरी कॅपमध्ये (टीमने खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची लीगने घातलेली मर्यादा) धरत नाहीत त्यामुळे खेळाडू घेताना अडत नाही, पण मालकाच्या खिशातून तर जातोच ना. आणि रेंजर्सनी १९ एप्रिललाच त्यांच्या पीटर लाव्हिओलेटला घरी पाठवलं होतं, म्हणजे तिथली खुर्ची रिकामी. सुलिवन २००९ ते २०१३ त्याच रेंजर्समध्ये असिस्टंट होता, आत्ताचा त्यांचा जीएम म्हणजे जनरल मॅनेजर क्रिस ड्र्युरी तेव्हा तिथेच खेळत होता, दोघंही बॉस्टन युनिव्हर्सिटीचे. इथल्या कुठल्याही बारमध्ये बसलेल्या माणसाने त्या नऊ दिवसांत दोन आणि दोन चार केलेच होते. त्यामुळे माझं मत असं की दोघांनाही सुटायचं होतं आणि दोघांनाही परवडेल अशा वेळी सुटले.

आता दुसरा प्रश्न, जो जास्त महत्त्वाचा आहे.

सुलिवन आला १२ डिसेंबर २०१५ ला. त्याच्या आधीचा माइक जॉन्स्टन २८ पैकी १५ मॅच जिंकून होता म्हणजे तसं काही वाईट नव्हतं, पण सिडनी क्रॉस्बी आणि एव्हगेनी माल्किन असे दोन राक्षस टीममध्ये असताना गोल होत नव्हते, खेळ एकदम सुस्त झाला होता. सुलिवनला खालच्या लीगमधून, विल्क्स-बॅरीच्या टीमवरून उचललं. एनएचएलमध्ये त्याआधी तो एकदाच हेड कोच होता, बॉस्टनला, आणि तिथून २००६ मध्ये त्याला डच्चू मिळाला होता. त्याने आल्यावर काय केलं तर खेळ वेगवान केला, पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) मिळाला की मागे घोळत बसायचं नाही, लगेच पुढे, आणि अंपायरशी हुज्जत नाही, समोरच्याशी मारामारी नाही. 'जस्ट प्ले' हे त्याचं पालुपद, शर्टांवरसुद्धा छापलं गेलं. कार्ल हॅगेलिन, निक बोनिनो आणि फिल केसल अशी तिसरी लाइन, म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारी आक्रमकांची तिकडी, जमली आणि जून २०१६ ला, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांत, सॅन होजे शार्क्सला हरवून कप घरी. पुढच्या वर्षी डिफेन्सचा आधारस्तंभ क्रिस लेटँग मानेच्या ऑपरेशनमुळे प्लेऑफभर (रेग्युलर सीझननंतरच्या बाद फेऱ्या) बाहेर, ओटावाविरुद्धची सातवी मॅच डबल ओव्हरटाइममध्ये क्रिस कुनिट्झच्या गोलवर सुटली, आणि तरी नॅशव्हिलला हरवून परत कप. लागोपाठ दोन कप त्याआधी डेट्रॉइटने १९९७ आणि १९९८ मध्ये घेतले होते, आणि सॅलरी कॅप आल्यापासून तर कोणालाच जमलं नव्हतं, कारण कप जिंकला की सगळ्यांचे भाव वाढतात आणि कॅपमुळे टीम फुटते. दोन कप जिंकणारा अमेरिकेत जन्मलेला तो पहिलाच कोच. पेंग्विन्सबरोबर रेग्युलर सीझनच्या ४०९ मॅच जिंकला, फ्रँचायझीच्या इतिहासात सगळ्यात जास्त.

हे सगळं खरं, पण लोक एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. २०१८ मध्ये फिलाडेल्फियाला हरवलं ती पेंग्विन्सने सुलिवनच्या हाताखाली जिंकलेली शेवटची प्लेऑफ सिरीज. त्यानंतर तो आणखी सात वर्षं होता बरं का! २०१९ ला आयलँडर्सनी ४-० धुतलं, २०२० ला माँट्रियल, २०२१ ला परत आयलँडर्स, २०२२ ला रेंजर्सविरुद्ध ३-१ पुढे असताना ४-३ हरले. आणि मग २०२३.

हा २०२३ चा भाग नीट सांगते कारण माझ्या मते सगळं तिथेच संपलं होतं. पेंग्विन्स लागोपाठ १६ सीझन प्लेऑफला जात होते, तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या खेळात एवढी लांब चालू मालिका दुसऱ्या कोणाची नव्हती. शेवटच्या आठवड्यात गणित अगदी सोपं उरलं होतं, दोन मॅच राहिलेल्या, आपल्या हातात, आणि ११ एप्रिलला घरच्या बर्फावर समोर कोण तर शिकागो, लीगच्या तळाची टीम, ज्यांनी आधीच सगळे चांगले खेळाडू विकून टाकलेले आणि ज्यांना हरण्यातच फायदा होता, कारण जितकं खाली राहाल तितका ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, कॉनर बेडार्ड हा गाजलेला पोरगा मिळायचा चान्स जास्त. आणि पेंग्विन्स २-५ हरले. टीव्हीवर बघताना असं वाटत होतं की जिंकायची गरज शिकागोलाच आहे. सीझन संपला तेव्हा पेंग्विन्सचे ९१ पॉइंट आणि शेवटची जागा पटकावणाऱ्या फ्लोरिडाचे ९२. एका पॉइंटने गेलं! आणि तीच फ्लोरिडा पुढे फायनलला पोचली. (शिकागोला बेडार्डही मिळाला, म्हणजे त्यांचं ती मॅच जिंकूनही सगळं भलंच झालं.)

त्या शिकागोच्या मॅचनंतर तीन दिवसांनी प्रेसिडेंट ब्रायन बर्क आणि जीएम रॉन हेक्स्टॉल दोघांची उचलबांगडी झाली. कोच मात्र राहिला. का, तर आदल्याच उन्हाळ्यात त्याला नवीन तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलेलं, आणि क्रॉस्बीशी त्याचं जमतं हे सगळ्यांना माहीत. मला विचाराल तर वेगळं व्हायची वेळ तेव्हाच होती. त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे नुसतं भिजत घोंगडं.

कारण बघा, जून २०२३ ला काइल डुबास नवा प्रेसिडेंट म्हणून आला, त्याने एरिक कार्लसनसारखा मोठा मासा आणला, सगळ्यांना वाटलं आता काय, आता पॉवर प्ले म्हणजे गोलांचा पाऊस. पॉवर प्ले म्हणजे समोरच्याचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर, आपले पाच त्यांचे चार. क्रॉस्बी, माल्किन, कार्लसन, गेन्टझल एकत्र बर्फावर असताना तो पॉवर प्ले ३२ टीममध्ये खालून मोजायची पाळी आली. मार्च २०२४ ला जेक गेन्टझलला कॅरोलायनाला देऊन टाकलं. तो क्रॉस्बीच्या बाजूला खेळणारा, २०१७ च्या कपचा हिरो, आणि त्याला सोडलं म्हणजे डुबासने न बोलता सांगितलंच होतं की आता आपण पुढची टीम बांधतोय. त्या वर्षी तीन पॉइंटने प्लेऑफ हुकला, बळी गेला असिस्टंट टॉड रीअर्डनचा. आणि २०२४-२५ मध्ये तर ८० पॉइंट, हुकला म्हणण्यात अर्थच नव्हता.

दोष कोणाचा? हे इथल्या लोकांशी बोलाल तर भांडणच होईल. सुलिवनच्या बाजूने बोलायचं तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. २०२५ च्या एप्रिलमध्ये क्रॉस्बी ३७, माल्किन आणि लेटँग ३८. क्रॉस्बीने त्या वयातही ९१ पॉइंट (स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलांना दिलेले पास मिळून) काढले, ते वेगळंच प्रकरण आहे, पण गोलकीपर ट्रिस्टन जॅरी इतका ढेपाळला की जानेवारीत त्याला वेव्हर्सवर टाकलं, म्हणजे फुकट घ्या म्हटलं तरी बाकीच्या ३१ टीमपैकी एकीनेही घेतला नाही. असा गोली मागे असताना कुठला कोच काय करणार.

पण विरुद्ध बाजूही आहे आणि मी थोडी त्याच बाजूची आहे. सुलिवन शेवटपर्यंत २०१६ चाच खेळ खेळत राहिला. सगळे पुढे धावणार, डिफेन्सवालेही वर येणार, मग पक गेला की मागे मोकळं रान. २०१६ ला पाय होते, परत धावून येता यायचं. ३७-३८ च्या पायांनी ते कसं होणार? तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पिरियडला आघाडी घालवणं तर नेहमीचंच झालं होतं. आणि तरुण पोरांचा जीव तो टांगणीला लावायचा, एक चूक केली की बेंचवर, म्हाताऱ्यांना मात्र सगळं माफ. जिंकायचंच या हिशोबाने चालणारा कोच असाच वागतो म्हणा, पण टीमला आता पोरं घडवायची होती. डुबासला तीन-चार वर्षांपुढचं दिसत होतं आणि सुलिवनला उद्याची मॅच जिंकायची होती. त्यात तो अमेरिकेच्या ऑलिंपिक टीमचा कोच, फेब्रुवारी २०२५ ला फोर नेशन्स या चार देशांच्या स्पर्धेच्या फायनलला कॅनडाशी ओव्हरटाइमपर्यंत भिडून आलेला, असा माणूस ड्राफ्टच्या पोरांना दोन वर्षं बाराखडी शिकवत कशाला बसेल.

तुम्ही "असं कसं जाऊ देतात" म्हणालात ना, तर या लीगमध्ये कोच टिकणं हेच नवल आहे. सुलिवन गेला तेव्हा त्याच्याहून जास्त वर्षं एकाच टीमकडे असलेला फक्त टँपाचा जॉन कूपर होता, २०१३ पासूनचा. आणि "असं" म्हणजे काय ते बघायचं असेल तर बॉस्टनचा क्लॉड ज्युलियन बघा. २००७ पासून कोच, २०११ चा कप दिलेला, आणि त्याला ७ फेब्रुवारी २०१७ च्या सकाळी काढलं, ज्या दिवशी गावात पेट्रिअट्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या सुपर बोलची विजयी मिरवणूक होती, म्हणजे सगळे कॅमेरे तिकडे. त्यापुढे सुलिवनचा निरोप खूपच सभ्य होता.

पुढे मजा अशी झाली की पेंग्विन्सनी ४ जून २०२५ ला ज्याला आणलं तो डॅन म्यूज रेंजर्सचाच असिस्टंट. अमेरिकेच्या अंडर-१८ टीमचा कोच होता आधी, म्हणजे पोरांना शिकवायचा अनुभव भरपूर, एनएचएलमध्ये हेड कोच म्हणून शून्य. शेड्यूल बनवणाऱ्यांनीही संधी सोडली नाही, ७ ऑक्टोबरला सीझनची पहिलीच मॅच मॅडिसन स्क्वेअर गार्डनला, आणि म्यूजची टीम सुलिवनच्या घरी जाऊन ३-० ने जिंकली. इथे लोक लगेच हवेत. चार दिवसांनी रेंजर्स पिट्सबर्गला आले आणि पेंग्विन्सना ६-१ ने आपटून गेले, मग सगळे गप्प.

बाकी कोच जाण्याचं दुःख इथे दोन आठवडे टिकलं असेल. क्रॉस्बीचं कॉन्ट्रॅक्टही २०२६-२७ लाच संपतंय, आणि टीम नव्याने बांधायची म्हणजे नक्की कोणाकोणाला सोडायचं, यावर मात्र इथले लोक मोजून मापून बोलतात.