औदुंबराचं पेन, उंबराचं लाकूड

प्रश्न (धरणगाव): बालकवी आमच्या गावचे, म्हणून शाळेच्या कार्यक्रमासाठी उंबराच्या लाकडाची पेनं केली. पितळी नळी बसवून लेथवर कातली, पण आठवडाभरात लाकूड उभं चिरलं. काय चुकलं?

उत्तर: लाकूड ओलं होतं. वाळताना ते आकसतं, आतली नळी आकसत नाही. मग रेषेवर फाटतं. फांदीचे २५ मिमी चौकोनी तुकडे पाडा, टोकांना मेण लावा, सावलीत ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. ओळीने तीन आठवडे वजन हललं नाही की वाळलं समजा. पत्र्यावर टाकू नका. आपल्या वैशाखात वरचा थर आधी आकसतो आणि तडा तिथूनच जातो.

तरी अख्खं पेन उंबराचं नकोच. लाकूड मऊ, नखाने दबतं, घामाने मळतं. ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता रंगारंगांनी पुढे सरकते: हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह आणि शेवटी पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. पेनही त्याच रंगांवरून रचा. वरचा भाग हिरव्या ॲक्रिलिकचा, लिहायच्या टोकाकडचा काळ्या एबोनाइटचा (कडक केलेलं रबर), आणि दोन्हींच्या सांध्यावर ५ मिमी उंबराची चकती. एवढ्याशा चकतीला पातळ सुपरग्लू पाजला की ती पुरेशी कडक होते.

पायवाट तिरपी हवी. हिरव्या ठोकळ्याला करवतीने तिरका काप द्या, पण तीन-चतुर्थांशच. पूर्ण कापला तर दोन तुकडे पुन्हा सरळ जुळत नाहीत. कापात १ मिमी पांढरी पट्टी इपॉक्सीने बसवा आणि २४ तास हात लावू नका. मग नळीच्या मापाचं भोक पाडा, साध्या बॉलपेनच्या किटला बहुधा ७ मिमी. ड्रिल पट्टीवर तिरकं सरकू पाहतं, म्हणून वेग कमी ठेवा आणि दर ५-६ मिमीला बाहेर काढून कीस झटका. ॲक्रिलिक तापलं की वितळून ड्रिलला चिकटतं.

नळी १५० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडूनच चिकटवा. नळीच्या आत गोंद राहिला तर किटचे भाग दाबून बसवताना तोंडाशी तडा जातो. पुष्कळ पेनं अगदी शेवटच्या मिनिटाला फुटतात ती यामुळेच. मँड्रेलचा, म्हणजे कातताना तुकडे ज्या दांड्यावर बसवतात त्याचा, नट फार आवळलात तर दांडा वाकतो आणि पेन अंडाकृती कातलं जातं.

प्रश्न (जळगाव): बहिणाबाईंच्या पेनवर त्यांची सही कोरायची आहे. कुठे शोभेल?

उत्तर: कुठेच नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या उतरवून घेतल्या मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने, पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यावर. सहीपेक्षा औताची बाभूळ घ्या. मधला लालसर गाभाच वापरा, बाहेरचं फिकं लाकूड भुंगा पोखरतो. बाभूळ कठीण, हत्याराला वारंवार धार लावावी लागेल.

प्रश्न (धुळे): थेट शाई भरायचं एबोनाइटचं पेन मे महिन्यात गळतं. आटे खराब झाले का?

उत्तर: बहुधा नाही. शाई कमी झाली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाई बाहेर ढकलते. निम्मी संपायच्या आत भरा, आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, रबरी रिंग असेल तर ती फुगू शकते.