प्राणवायू दिसला म्हणून

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. परग्रहाच्या वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार सुट्या केलेल्या त्याच्या प्रकाशात, ०.७६ मायक्रॉन तरंगलांबीला ऑक्सिजनची खूण दिसली की तिथं जीवसृष्टी असल्याचं ‘जवळजवळ सिद्ध’ होतं, असं तू लिहिलं आहेस. ते दोन शब्द आधी खोड. चूक तुझी एकटीची नाही. त्या वायूला आपण प्राणवायू म्हणतो, म्हणून त्याच्यामागे प्राण आहे हे आधीच धरून चालतो.

शाळेतला प्रयोग आठव. आम्लाचे थेंब घातलेलं पाणी, बॅटरी, दोन परीक्षानळ्या. एका नळीतल्या वायूत विझत आलेली उदबत्ती धरली की ती भपकन पेटते. त्या भांड्यात ना झाड होतं ना शेवाळ, नुसतं पाणी फुटलं होतं. ताऱ्याचे अतिनील किरणही हेच करतात. वाफ वातावरणात उंच चढली की तिचे रेणू फुटतात, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि ऑक्सिजन मागं राहतो.

पृथ्वीवर हे फारसं होत नाही, कारण वरच्या थंडीत वाफ गोठते आणि खाली परतते. पण आपल्या शेजारच्या प्रॉक्झिमा सेंटॉरीसारख्या लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि मंद ताऱ्याच्या ग्रहांचं तसं नाही. असे तारे तरुणपणी आजच्यापेक्षा खूप तेजस्वी असतात आणि ती अवस्था कोट्यवधी वर्षं टिकते. आज जो ग्रह पाण्याला मानवेल अशा अंतरावर दिसतो, तो तेव्हा भाजून निघालेला असू शकतो.

किती ऑक्सिजन उरेल, हे वहीत करून बघ. आपले सगळे समुद्र पृथ्वीवर सारखे पसरले तर सुमारे २६०० मीटर खोल पाणी होईल. दर १० मीटरला १ वातावरण (म्हणजे आपल्या हवेच्या दाबाइतका) दाब, म्हणजे एकूण २६०. पाण्याच्या वजनात ऑक्सिजनचा वाटा ८/९, म्हणून साधारण २३०. आपल्या हवेत ऑक्सिजनचा दाब ०.२१ आहे. एक समुद्र आटला तर हजारपट ऑक्सिजन, आणि जीव एकही नाही! त्यातला काही खडकांत मुरेल, काही हायड्रोजनबरोबर उडून जाईल, हे खरं. तरी उरलेलाही कुणालाही चकवायला पुरेसा आहे.

दुसरी वाट कार्बन डायऑक्साइडची. मंगळाच्या हवेत जो थोडासा ऑक्सिजन आहे, तो प्रकाशानं हाच वायू फुटल्यामुळे. गुरूच्या युरोपा चंद्रावर तर बर्फावर आदळणारे विद्युतभारित कण ऑक्सिजन सोडवतात.

म्हणून ऑक्सिजन दिसला की त्याचे सोबती शोध. बरोबर कार्बन मोनॉक्साइड भरपूर असेल, तर कार्बन डायऑक्साइड फुटल्याचा संशय घे. ऑक्सिजनचे रेणू एकमेकांवर आदळल्यावर वर्णपटात उमटणारे पट्टे ठळक असतील, तर वातावरण ऑक्सिजननं गच्च भरलेलं आहे, आणि ते आटलेल्या समुद्राचं लक्षण असू शकतं. मिथेन सापडला तर मात्र मीही खुर्चीतून उठेन. ऑक्सिजनच्या हवेत मिथेन फार टिकत नाही, पृथ्वीवर साधारण दहा वर्षं. तो दिसत राहतो याचा अर्थ कुणीतरी सतत पुरवतंय. १९९० च्या डिसेंबरमध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं तेव्हा त्याच्या उपकरणांना ही जोडी आपल्याच हवेत दिसली होती. अर्थात मिथेन ज्वालामुखी आणि खडकांतूनही येतो, म्हणून किती येतोय हेही मोजावं लागतं.

उलट बाजूही मसुद्यात हवी. पृथ्वीवरच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. जीव त्याच्या कितीतरी आधीपासून होते. तेव्हा दुरून कुणी नुसता ऑक्सिजन शोधला असता, तर आपल्याला निर्जीव ठरवून पुढं गेला असता.

तुझी घाई मला कळते, अशी बातमी पहिल्यांदा द्यायला कुणाला आवडणार नाही! पण तिसऱ्या प्रकरणात ताऱ्याचं वय आणि अतिनील किरणांचा मारा कुठंच नाही. त्यापासून सुरुवात कर, आणि समुद्राचा हिशेब ग्रहावर पाणी दहापट कमी धरून पुन्हा मांड. रविवारपर्यंत पाठव, मी वाट पाहतो.

तुझे,
सर