ताई, आम्ही अकरा जणी आहोत

या आठवड्याचं पत्र मोठं आहे, थोडं कमी करून देते.

"ताई, मी ३३ वर्षांची, मिरजेजवळ राहते, शाळेत शिकवते. लहानपणापासून कोपरांत आणि मानेवर इसब. कॉलेजात असताना डॉक्टरांनी एक ट्यूब दिली, दोन दिवसांत हात लोण्यासारखे झाले. पुढे चिठ्ठीची गरजच पडली नाही. मला बघितलं की मेडिकलवाला नाव सांगायच्या आत ट्यूब काढून ठेवायचा. लग्नाआधी चेहऱ्यावर वांग आले म्हणून तीच चेहऱ्यालाही लावली. अशी अकरा वर्षं गेली. गेल्या दिवाळीत त्या ट्यूबमधल्या स्टेरॉइडबद्दल वाचलं, घाबरले आणि एका दिवसात बंद केली. तेव्हापासून अंग भाजल्यासारखं होतं. जिथे इसब कधीच नव्हतं, त्या मांड्या, पोट, पापण्यासुद्धा. सकाळी चादर झटकली की सुपलीभर कोंडा निघतो. एक डॉक्टर म्हणाले, तुझं जुनंच इसब उफाळलंय. दुसरे म्हणाले, असा आजारच नसतो, डोक्यातून काढून टाक. त्यांच्याच रांगेत एक बाई भेटली, तिलाही हेच. एकीची दुसरी करत आता आम्ही अकरा जणी झालो आहोत. दर रविवारी फोनवर बोलतो, तेवढाच जीव हलका होतो. पण आमच्यातल्या दोघी म्हणतात, काही झालं तरी स्टेरॉइड नाही आणि दवाखानाही नाही. माझ्या ५ वर्षांच्या लेकीच्या गुडघ्यामागे इसब आहे. डॉक्टरांनी सौम्य मलम दिलंय, मी लावू देत नाही. सासूबाई माझ्या चोरून लावतात, त्यावरून घरात रोज वाजतं. नवरा म्हणतो, तो गट सोड. ताई, आमच्यावर कुणीतरी नीट संशोधन करावं, एवढंच आम्हाला हवंय. कुठे जायचं? आणि मला अहो-जाहो करू नका."

बरं, नाही करत.

तुझ्या अंगाची आग खरी आहे. ही तुझी समजूत काढायला म्हणत नाही. अशा त्रासाची नोंद वैद्यकशास्त्रात तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे. १९७९ साली क्लिगमन आणि फ्रॉश या दोन त्वचातज्ज्ञांनी याच विषयावर लेख लिहिला आणि त्याला 'स्टेरॉइडचं व्यसन' असंच नाव दिलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञगटानं तोवरचे ३४ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतल्या रुग्णांत ८१ टक्के बायका होत्या, त्रास बहुतेक चेहऱ्यावर होता, आणि जवळजवळ सगळ्यांनी तीव्र स्टेरॉइड बराच काळ चुकीच्या पद्धतीनं वापरलेलं होतं. २०२१ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी अशी मलमं थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल डॉक्टरांना आणि रुग्णांना अधिकृत सूचना दिली. २०२४ मध्ये त्याच्या पुढे जाऊन, प्रत्येक ट्यूबवर सौम्य, मध्यम, तीव्र की अतितीव्र हे ठळक छापायचं ठरवलं. त्यामुळे "असा आजारच नसतो" हे वाक्य आजच्या घडीला कुठल्याही डॉक्टरच्या तोंडी शोभत नाही.

मग वाद कशाचा? वाद असा, की हा त्रास ओळखायची रक्ताची तपासणी नाही, सगळ्यांनी मान्य केलेली लक्षणांची यादी नाही, आणि जुनं इसब उफाळलं तरी कातडी लालच होते, सालपटं निघतातच. दोन्ही एकाच अंगावर एकाच वेळी असू शकतात. २०१५च्या त्या तज्ज्ञगटानंही पुरावा कच्चा असल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. त्यामुळे तुझा पहिला डॉक्टर सरसकट चुकलाच असंही मला म्हणता येत नाही. दुसऱ्याचं मात्र चुकलं. त्याला "मला नक्की सांगता येत नाही" असं म्हणता आलं असतं.

हे मी का सांगते, त्याला घरचं कारण आहे. माझ्या धाकट्या नणंदेचं असंच झालं होतं. ट्यूब बंद केली आणि चेहरा, मान, काखा पेटल्या. एका मोठ्या दवाखान्यात तिला मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं. आम्ही दोघींनी खूप वाचलं आणि खात्रीच करून टाकली, की हा ट्यूब सोडल्याचाच त्रास. चौथ्या डॉक्टर बाईंनी खुर्ची जवळ ओढली, न विचारता तिचा हात हातात घेतला आणि त्यावरून तळवा फिरवला. इतक्या महिन्यांत तिच्या कातडीला दुसऱ्या माणसानं हात लावायची ती पहिली वेळ. नणंद तिथेच रडायला लागली. मग बाईंनी काखेतलं थोडं खरवडून काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि म्हणाल्या, चेहऱ्याचं तुम्ही म्हणता तसंच असेल, पण काखेत नायटा आहे. स्टेरॉइडनं नायटा दबतो, दिसायचा बंद होतो आणि आतून पसरत राहतो. आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकाच नळीत कोंबलेली मलमं इतकी वापरली गेली आहेत, की हट्टी नायट्याची साथच पसरली आहे. म्हणजे आमची खात्री अर्धी बरोबर होती आणि अर्धी पार चुकीची. त्या अर्ध्या चुकीपायी तिनं तीन महिने जास्त सोसलं, ते मला अजून लागतं.

तेव्हा आधी हे कर. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागात जा, मिरजेत ते तुला जवळच आहे. जाताना आजाराचं नाव घेऊन जाऊ नकोस. नाव घेतलं की अर्धा वेळ नावावरच्या वादात जातो. एवढंच सांग: ही ट्यूब, एवढी वर्षं, अंगावर इथे इथे, महिन्याला इतक्या नळ्या, अमुक तारखेला बंद, आणि आज हे. रिकामी ट्यूब टाकून दिली नसशील तर बरोबर ने. नसेल तर मेडिकलमधून नाव लिहून आण. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काय होतं ते डॉक्टरांना कळायला हवं, कारण यांच्या ताकदीत खूप फरक आहे. खरवडून तपासणी करा आणि पॅच टेस्टचाही (कातडीवर पट्टी लावून कशाची ॲलर्जी आहे ते बघायची तपासणी) विचार करा, असं तू स्वतः म्हण. पापण्यांसाठी स्टेरॉइड नसलेलं मलम असतं, टॅक्रोलिमस. ते तुला चालेल का, विचार. आणि हात दाखवताना मनगट दाखवायला विसरू नकोस. या त्रासात पुष्कळांचा हात तांबडी बाही घातल्यासारखा दिसतो, मनगटाशी रंग एकदम तुटतो आणि तळवा कोरा राहतो. तुझं तसं आहे का, हे तू लिहिलं नाहीस. उजेडात बघ.

आता त्या दोघींबद्दल. त्यांच्यावर राग धरू नकोस. चार ठिकाणी हिणवलं गेल्यावर माणूस दवाखान्याची पायरी चढायची सोडतो, ते मी समजू शकते. पण "काही झालं तरी दवाखाना नाही" हा नियम तुमच्या गटातून आजच्या आज गेला पाहिजे. भेगाळलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात. ताप, हुडहुडी, पू, एका जागी दाटून आलेले दुखरे फोड किंवा टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रविवारच्या फोनची वाट बघायची नाही. दुसरी गोष्ट याहून कमी जणांना ठाऊक असते. तीव्र स्टेरॉइड वर्षानुवर्षं अंगभर लावलं, किंवा त्याच्या गोळ्या घेतल्या, तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं आळसावतं. अशा माणसानं ते एकदम तोडलं तर चक्कर, उलट्या, हातपाय गळून जाणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तू एका दिवसात बंद केलीस आणि सुटलीस. तुमच्यात उद्या येणाऱ्या बाराव्या बाईला तसं करायला सांगू नका. डॉक्टरच्या देखरेखीखाली, कमी कमी करत.

जपानची गोष्ट सांगते, कारण ती तुमच्यासारख्याच लोकांची आहे. तिथे १९९०च्या दशकात स्टेरॉइडविरुद्ध मोठी लाट आली. हजारो रुग्णांनी मलमं फेकून दिली. त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार खरी होती. पण डॉक्टरांवरचा विश्वास उडालेली ही माणसं पाणी, साबण, काढे आणि खास यंत्रं विकणाऱ्यांच्या तावडीत सापडली. त्या धंद्याला तिथे 'अटोपी बिझनेस' असं नावच पडलं. दुखावलेली माणसं एकत्र आली की त्यांच्याभोवती विकणारे जमतात. तुमच्या गटात कुणी काही विकायला आणलं, मग ते कितीही घरगुती आणि आयुर्वेदिक असो, तर त्या दिवशी सावध व्हा.

गट मात्र सोडू नकोस. नवऱ्याला माझं नाव सांग. रात्री तीन वाजता अंग खाजवून रक्ताळल्यावर "मलाही झालंय" म्हणणारं माणूस असणं म्हणजे काय, ते ज्याची कातडी शाबूत आहे त्याला कसं कळणार? त्यालाच एका रविवारी फोनवर बसव. ऐकू दे.

आणि संशोधनाचं म्हणशील, तर ते तुमच्या हातात तू समजतेस त्यापेक्षा जास्त आहे. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या इयान माइल्स यांच्या चमूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना या रुग्णांच्या पेशींत एक वेगळेपण दिसलं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम वाजवीपेक्षा जास्त चालतं आणि एनएडी नावाचं रसायन जादा तयार होतं. साध्या इसबापेक्षा हे निराळं दिसतं, असं ते म्हणतात. कातडीची आणि रक्ताची तपासणी झालेले रुग्ण मोजके होते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. त्यात वापरून पाहिलेल्या औषधांची नावं वाचून कुणी मेडिकलमध्ये धावायचं नाही, हे तुझ्या दहा मैत्रिणींना माझ्या वतीनं बजाव. पण या कामाला वाट मिळाली ती, आमच्याकडे बघा, म्हणून वर्षानुवर्षं मागे लागलेल्या रुग्णांमुळे.

आपल्याकडेही पाया आहे. २०११ साली देशातल्या १२ केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्वचातज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेनं या गैरवापराविरुद्ध कृतिदल नेमलं, पाठपुरावा केला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तुझा मेडिकलवाला त्यानंतरही विनाचिठ्ठी देत राहिला, म्हणजे तो कायदा मोडत होता. अन्न व औषध प्रशासनाकडे त्याची तक्रार करता येते. करायची की नाही, ते गावात राहायचं तुला आहे, तू ठरव.

पण हे नक्की करा. प्रत्येकीनं औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सरकारदरबारी करा. गाझियाबादहून चालणारा भारतीय औषध-सुरक्षा कार्यक्रम आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टरच लागतो असं नाही, रुग्णाला स्वतः कळवता येतं. अकरा जणींच्या अकरा नोंदी कागदावर आल्या, की पुढे कुणी अभ्यास करायला बसेल तेव्हा त्या सापडतील. फोनवरचं रडणं कुणाला सापडत नाही.

शिवाय एक वही घाला. सगळ्यांनी एकाच पद्धतीनं लिहायचं: तारीख, कुठे लाल, आग किती, खाज किती (दोन्ही वेगळं लिहा, या त्रासात आग खाजेच्या वरचढ असते असं पुष्कळ जण सांगतात), झोप किती तास, काय लावलं, पाळी कधी. आठवड्याला एक फोटो, त्याच खिडकीत, त्याच वेळी. जिला बरं वाटतंय तिनंही लिहायचं. नाहीतर वहीत फक्त वाईट दिवस उरतात आणि डॉक्टर पहिलं बोट तिथेच ठेवतो. सहा महिन्यांची अशी वही घेऊन एखाद्या महाविद्यालयाच्या त्वचाविभागात गेलात, तर पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रबंधासाठी विषय शोधणारा एखादा तरुण डॉक्टर ती नक्की उघडून बघेल. कुणी "तुमच्यावर प्रयोग करतो" म्हणून आलं, तर दोन प्रश्न विचारा: नैतिक समितीची मंजुरी कुठे आहे, आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे अशा प्रयोगांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद आहे का? भाग घ्यायचे पैसे मागितले, तर उठून या.

आता लेकीचं. इथे मी तुझ्या बाजूनं नाही.

तुझी ट्यूब आणि तिचं मलम ही एक गोष्ट नाही. तुला जे झालं ते तीव्र औषध, अकरा वर्षं, कुणाच्या नजरेखाली न राहता लावल्यानं. तिला सौम्य मलम दिलंय, ठरावीक दिवसांसाठी, आणि पुन्हा दाखवायला बोलावलं असणार. ५ वर्षांचं पोर रात्रभर गुडघ्यामागे खाजवत असेल, तर तिची झोप जाते, कातडी फाटते, जखम चिघळते. तुझ्या भीतीची किंमत ती मोजते आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण ती भीती तुला कुठून आली ते मी वर वाचलंय.

आणि सासूबाई चोरून लावतात, ते सगळ्यात धोक्याचं, कारण चोरून लावलेल्याचा हिशेब राहत नाही. उद्या तूही लावू लागलीस, तर तू झोपवताना, त्या दुपारी, असं दोनदा पडायचं. दोघी एकत्र बसा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर एक रेघ मलम काढलं, की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. लेकीच्या एका गुडघ्यामागे तुझा एक तळवाही भरायचा नाही. म्हणजे अर्ध्या पेराहूनही कमी. किती वेळा आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं असेल. नसेल तर लिहून घ्या. ते दिवस कॅलेंडरवर मांडा आणि लावलं की खूण करा. तेल, क्रीम, ओलावा टिकवणारं जे काही तिला चालतं, ते मात्र रोज, खूण न करता.

खूण करायचं काम सासूबाईंना दे. त्या चोरून लावत होत्या ते नातीची खाज बघवत नव्हती म्हणून. आणि तू दारात उभी राहून अडवत होतीस, तेही त्याच लेकीसाठी.

मिरजेला जाऊन आलीस की काचेवर काय दिसलं ते मला कळव. काखा आणि जांघा दाखवायला लाजू नकोस.

— तुझी ताई