आधी जागा, मग वेग : आरटीएक्स ३०६० घ्यावे की ४०६०?

प्रश्न : स. न. वि. वि. नाशिकला गंगापूर रोडवर आमचे छोटे कार्यालय असून वास्तुविशारदांच्या आराखड्यांवरून घरांची त्रिमितीय चित्रे आणि वॉकथ्रू (घरातून फिरवून आणणारे व्हिडिओ) आम्ही ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये करून देतो. सध्याचे जीटीएक्स १६५० हे ४ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड अपुरे पडू लागले आहे. पाथर्डी फाट्याकडील एका रो-हाउस प्रकल्पाचा सीन त्यावर रेंडरच होत नाही, म्हणजे त्याचे अंतिम चित्रच तयार होत नाही. नाइलाजाने तो प्रोसेसरवर लावला, तेव्हा रेंडरच्या खिडकीत ‘पीक’ या शब्दापुढे ९,२०० एमबीच्या आसपास आकडा दिसला. दुकानदाराने आरटीएक्स ३०६०, १२ जीबी आणि आरटीएक्स ४०६०, ८ जीबी ही दोन कार्डे जवळपास सारख्याच किमतीत सांगितली आहेत. अभियांत्रिकीला शिकणारा माझा मुलगा ‘नवे तेच घ्या’ म्हणतो. परंतु नव्या कार्डात कोअरही (गणिते करणारे घटक) कमी आणि मेमरीही कमी, हे कोडे मला उलगडत नाही. आमच्या संगणकाच्या बोर्डावर कार्ड जोडण्याचा मार्ग पीसीआयई ३.० चा आहे आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, ४५० वॅटचा आहे. आम्ही कोणते कार्ड घ्यावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण ‘पीक’चा, म्हणजे रेंडरला लागलेल्या कमाल मेमरीचा, आकडा नोंदवून पाठवलात, हे फार चांगले केलेत, कार्डाची निवड करताना बहुतेक जण दुकानातील तक्ता पाहतात, स्वतःची फाइल मोजत नाहीत. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या ९,२०० मध्येच आहे. परंतु आपल्या चिरंजीवांचे म्हणणेही निराधार नाही, म्हणून आधी ते पाहू.

३०६० हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि ४०६० हे जून २०२३ मध्ये बाजारात आले. पहिल्यात ३,५८४ कोअर आहेत, दुसऱ्यात ३,०७२. मात्र पहिल्याचा कमाल बूस्ट वेग १.७८ गिगाहर्ट्झ आहे, तर दुसऱ्याचा २.४६. प्रत्येक कोअर एका ठोक्याला दोन गणिते करतो असे धरून गुणाकार केला, तर ३०६० ची क्षमता सेकंदाला सुमारे १२.७ लाख कोटी गणिते इतकी येते आणि ४०६० ची सुमारे १५.१ लाख कोटी. म्हणजे कोअर कमी असूनही कागदावर नवे कार्ड जवळजवळ एकोणीस टक्के पुढे आहे. दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या कार्डांची नुसती कोअरसंख्या शेजारी मांडून तुलना करू नये, ती याच कारणाने.

मेमरीच्या बसबाबतही, म्हणजे मेमरी आणि चिप यांमधील माहितीच्या मार्गाबाबतही, असेच आहे. ३०६० ची बस १९२ बिटची आणि ४०६० ची १२८ बिटची असल्याने सेकंदाला अनुक्रमे ३६० आणि २७२ जीबी माहिती ये-जा करू शकते. ही उणीव भरून काढण्यासाठी नव्या कार्डात एल-टू कॅशे (चिपमधील छोटी, वेगवान मेमरी) ३ एमबीवरून थेट २४ एमबी करण्यात आली. वारंवार लागणारी माहिती चिपमध्येच हाताशी राहते, त्यामुळे मेमरीकडे जाण्याच्या खेपा कमी होतात. म्हणूनच सीन मेमरीत पूर्ण मावत असेल, तर ब्लेंडरमध्ये ४०६० निश्चितपणे लवकर काम उरकते.

आपला सीन मात्र मावत नाही. ८ जीबी म्हणजे ८,१९२ एमबी, त्यातही विंडोज आणि पडद्यावरील दृश्य आपापला वाटा आधीच घेतात. शिवाय कार्डावर रेंडर करताना गणितासाठी काही जागा वेगळी लागते, तेव्हा प्रत्यक्ष गरज ९,२०० पेक्षा थोडी जास्तच धरावी. मेमरी संपली की एक तर रेंडर थांबते, नाही तर उरलेली माहिती संगणकाच्या रॅममध्ये ठेवून कार्ड ती लागेल तशी मागवत राहते. ४०६० ला पीसीआयईच्या आठच लेन (माहितीच्या मार्गिका) आहेत आणि आपल्या ३.० च्या बोर्डावर त्यांतून सेकंदाला जेमतेम ८ जीबी माहिती येऊ शकते. कुठे २७२ आणि कुठे ८! ३०६० ला सोळा लेन असल्याने तिथे हाच आकडा १६ च्या घरात जातो, परंतु १२ जीबीत आपला सीन मावणार असल्याने त्या वाटेने जाण्याची वेळच सहसा येणार नाही. माझे मत स्पष्ट आहे : आपल्या कार्यालयासाठी १२ जीबीचे ३०६० घ्यावे.

चिरंजीव बहुधा फ्रेम जनरेशनबद्दल बोलत असतील. ४०६० मधील ही सोय गेम खेळताना दोन फ्रेमच्या मध्ये आणखी एक फ्रेम तयार करते आणि ज्या गेममध्ये तिची व्यवस्था आहे तिथे ती उपयोगीही पडते. ब्लेंडरच्या अंतिम रेंडरला तिचा लाभ नाही. एव्ही१ स्वरूपात व्हिडिओ एन्कोड करण्याची सोयही फक्त ४०६० मध्ये आहे. आपण ग्राहकांना वॉकथ्रू एच.२६४ या व्हिडिओ स्वरूपात देत असाल, तर दोन्ही कार्डे ते काम सारखेच करतील.

तरीही खरेदीपूर्वी एक संध्याकाळ त्या फाइलवर घालवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे एक रंगीत टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायचे चित्र) डिस्कवर जेपीजी म्हणून काही एमबींचेच दिसते, परंतु कार्डाच्या मेमरीत ते उलगडले की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट याप्रमाणे ६४ एमबी जागा व्यापते. तेच ८के (८१९२ बाय ८१९२) केले तर २५६ एमबी. कॅमेऱ्यापासून लांब असलेल्या कंपाउंडच्या भिंतीला असे टेक्श्चर लावलेले असेल, तर ती जागा वायाच जाते. रेंडरच्या सेटिंगमध्ये ‘सिम्प्लिफाय’खाली टेक्श्चरवर मर्यादा घालता येते. झाडांचेही पाहा : एकच गुलमोहर शिफ्ट-डी दाबून पन्नास ठिकाणी ठेवला, तर सामान्यतः त्याच्या जाळीच्या (मेश, म्हणजे आकार घडवणाऱ्या बिंदू-रेषांच्या) पन्नास स्वतंत्र प्रती तयार होतात, ऑल्ट-डी वापरले तर सगळी झाडे एकाच जाळीवर चालतात. एवढे करून ‘पीक’ सहा हजारांच्या खाली आला आणि पुढची कामेही याच आकाराची राहणार असतील, तर मी माझे मत बदलून ४०६० सुचवीन. मात्र रो-हाउसचे काम करणाऱ्याकडे उद्या आख्ख्या सोसायटीचे काम येते, हा अनुभव आपल्यालाही असेलच.

विजेचा हिशेब ४०६० च्या बाजूने आहे. त्या कार्डाचा वापर ११५ वॅट, तर ३०६० चा १७० वॅट. रोज आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस पूर्ण भार धरला तरी फरक अकरा युनिटांचा पडतो. हा खर्च सोसता येतो, परंतु नाशिकच्या मे महिन्यात बंद खोलीत रात्रभर रेंडर लावणार असाल, तर कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा असे दोन पंखे हवेतच. एसएमपीएसही बदलावा लागेल. निर्मात्याने दोन्ही कार्डांसाठी ५५० वॅटची शिफारस केली असल्याने हा खर्च कोणतेही कार्ड घेतले तरी टळत नाही. नवा घेताना यूपीएस तेवढा भार पेलतो का, हेही तपासून घ्यावे.

शेवटी दुकानातील एक दक्षता. ३०६० या नावाने ८ जीबीचेही एक कार्ड विकले जाते. त्याची बस १२८ बिटचीच आहे आणि माहितीचा वेग सेकंदाला २४० जीबीवर येतो. ते आपल्या कामाचे नाही. पैसे देण्यापूर्वी खोक्यावर ‘१२ जीबी’ आणि ‘१९२ बिट’ हे दोन्ही उल्लेख वाचावेत, बिलावर १२ जीबी असे लिहून घ्यावे आणि कार्ड बसवल्यावर तोच रो-हाउसचा सीन एकदा पूर्ण रेंडर करून पाहावा.