‘पानी’ म्हणणारा मुलगा

प्रिय बाळा,

पत्र मिळालं. नवा मुलगा ‘पानी’, ‘लोनी’ म्हणतो म्हणून वर्ग हसतो, त्याला ‘पानीवाला’ अशी हाक मारतो, आणि ‘मी काहीच केलं नाही’ असं तू लिहिलंयस. ते वाक्य दोनदा खोडलेलं दिसतंय. खरं सांग, तू हसलास ना? थोडंसं का होईना?

आधी त्या ‘पानी’चं बोलू. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही ‘पानी’च आहे. ती कविता पाठ करून तुम्ही मार्क मिळवता आणि खानदेशातून आलेल्या पोराच्या तोंडून तोच शब्द आला की बाकं बडवता! त्याच्या घरची बोली आहे ती, चूक नव्हे. (खरं तर हे तुमच्या वर्गात एखाद्या शिक्षकानेच सांगायला हवं होतं. असो.)

टोरांटोच्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी मुलांचं चित्रण केलं होतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात छळाच्या दर १०० प्रसंगांपैकी ८८ वेळा आसपास इतर मुलं होती. कुणी मध्ये पडलं ते फक्त १९ वेळा. पण जेव्हा पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. चिडवणाऱ्याला प्रेक्षक लागतात रे. तमाशाला कुणी आलंच नाही तर फड किती वेळ चालणार?

म्हणून मारामारी करू नकोस, भाषणही देऊ नकोस. पुढच्या वेळी हसू नकोस, आणि त्याच क्षणी त्याला काहीतरी साधं विचार: ‘गणिताची वही आणलीस का?’ एवढंच. मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्या शेजारी बस, पण कीव केल्यासारखा नको. कीव पोरांना लगेच कळते.

माझीही एकदा चूक झाली होती. चिडवणाऱ्या मुलाला मी भर वर्गात माफी मागायला लावलं. मला वाटलं, मिटलं. पुढचे दोन महिने तो त्रास सायकल स्टँडवर चालू होता आणि मला पत्ता नव्हता. म्हणून मोठ्यांना सांगायचं तर वर्गासमोर नको, एकटं गाठून सांग. ती चहाडी नव्हे. त्याच्या वाचनाचा व्हिडिओ ग्रुपवर फिरतोय म्हणतोस, तो पुढे पाठवू नकोस, तुमच्या वर्गाच्या बाईंना दाखव. शाळेत कुणी ऐकलंच नाही तर १०९८ हा मुलांसाठीचा फुकट फोन आहे.

हाक मारताना त्याचं नावच घे. तुझ्या पत्रात ते एकदाही आलेलं नाही. पुढच्या पत्रात लिही, आणि त्याच्या डब्यात काय असतं तेही. कळण्याची भाकरी असेल तर मला हेवा वाटेल.

तुझ्या बाई