लिनक्सवरच्या क्रोमियमचं कम्युनिटी पॅकेज सांभाळायला घेऊ का, घरच्या लॅपटॉपवर जमेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या डिस्ट्रोतल्या (म्हणजे तुम्ही वापरता त्या लिनक्सच्या प्रकारातल्या) क्रोमियमच्या, म्हणजे गूगल क्रोम ज्याच्यावर बनतं त्या खुल्या ब्राउझरच्या, पॅकेजला आता कुणी वाली राहिला नाही, तुमच्याकडं ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे आणि इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू आहे, तर हे घ्यावं का. मी नांदेडला असतो, २०२० पासून असंच एक क्रोमियमचं पॅकेज बघायलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी मशीनचं. ८ जीबीवर बिल्ड, म्हणजे सोर्स कोडपासून ब्राउझर तयार करणं, सुरू होतं पण शेवटी सगळे तुकडे जोडताना (लिंक करताना) मेमरी संपते आणि लिनक्सचा कर्नल ती प्रोसेसच मारून टाकतो, चार-पाच तास वाया. क्रोमियमवाले स्वतःच १६ जीबीच्या वर रॅम आणि १०० जीबी रिकामी डिस्क ठेवा म्हणतात आणि ते खरंय. माझ्याकडं ८ कोर, ३२ जीबीचा डेस्कटॉप आहे, डीबगची जादा माहिती बंद ठेवून (सिम्बॉल लेव्हल शून्य) बी सहा तास लागतात. गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर, फुकटात होईल असं वाटत असेल तर तिथं एका जॉबला सहाच तासांची मर्यादा आहे, त्यामुळं लोक बिल्डचे तुकडे करून एकामागं एक जॉब लावतात, ते जमवता येतं.

आणि आपल्याकडं लाईटचा प्रश्न. निंजा (बिल्ड चालवणारं टूल) जिथं थांबला तिथून पुढं सुरू होतो हे खरं, पण करंट अचानक गेला की काही ऑब्जेक्ट फाईली (बिल्डचे तयार झालेले तुकडे) शून्य बाईटच्या राहतात, निंजाला वाटतं त्या झाल्यात, आणि मग तीन तासांनी लिंकर भलतंच काहीतरी बोंबलतो. मला हे कळायला दोन रात्री गेल्या. आता लाईट गेली की आधी आऊट फोल्डरमधल्या शून्य बाईटच्या फाईली शोधून काढून टाकतो आणि मगच बिल्ड परत लावतो. इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर निस्ता फॅन ठेवू नका, हे मशीन बी जोडा.

पण खरं काम हे नाहीच. बिल्ड लावून झोपता येतं. खरं काम म्हणजे वेळ पाळणं. क्रोमची नवीन मोठी आवृत्ती आधी दर सहा आठवड्यांनी यायची, २०२१ मध्ये ते चार आठवड्यांवर आलं, आणि ऑगस्ट २०२३ पासून मधल्या काळात सिक्युरिटीचे अपडेट दर आठवड्याला यायला लागले. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला आपले पॅच (कोडमध्ये आपण केलेले छोटे बदल) बसत नाहीत कारण खालचा कोड हललेला असतो, पॅच लावला की त्याचा एखादा तुकडा (हंक) फेल, न बसलेल्या तुकड्यांची रिजेक्ट फाईल उघडा, कुठली ओळ कुठं गेली ते शोधा. गूगल स्वतःचा एकदम ताजा क्लँग (कोडचं रूपांतर करणारा कंपायलर) वापरतं, आपल्या डिस्ट्रोतला जुना असतो, त्यामुळं त्यांच्याकडं चालणारा कोड आपल्याकडं एरर देतो, आता त्यात रस्ट ही दुसरी भाषा बी आलीय. एखादा रविवार यातच जातो.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

सप्टेंबर २०२३. वेबपी प्रकारचे फोटो उघडणाऱ्या लिबवेबपी नावाच्या लायब्ररीत (अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये) भोक सापडलं, तसला फोटो निस्ता दिसला तरी त्यातून हल्ला होऊ शकत होता, क्लिक बी करायची गरज नाही, आणि हल्ले आधीच चालू होते. गूगलनी ११ तारखेला दुरुस्ती काढली, फायरफॉक्सची दुसऱ्या दिवशी आली. मी पोळ्यासाठी गावाकडं होतो. खांदमळणीच्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावायलो होतो आणि फोनवर मेल आला, हात पुसून वाचला. डिस्ट्रोच्या लिबवेबपीला बी दुरुस्ती आलेली दिसली, मला वाटलं लायब्ररीच दुरुस्त झाली म्हणजे भागलं, पोळा करूनच जाऊ.

१५ तारखेला रात्री नांदेडला येऊन बायनरी (तयार झालेला ब्राउझर) तपासली तर ती सिस्टिमचा लिबवेबपी वापरतच नव्हती. क्रोमियमच्या सोर्समध्ये थर्ड पार्टी नावाचा फोल्डर आहे, त्यात कितीतरी लायब्रऱ्यांच्या स्वतःच्या प्रती असतात, आणि माझ्या पॅकेजमध्ये वेबपीची तीच आतली प्रत होती, कधीतरी मीच सोपं जावं म्हणून तसं ठेवलं होतं. म्हणजे बाकी सगळी सिस्टिम सुरक्षित आणि माझा ब्राउझर उघडा. पॅकेज बाहेर पडलं १७ ला, बाहेर मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन चालू होतं. सहा दिवस. आमच्या गल्लीतल्या सेवा केंद्राचा पोरगा माझंच पॅकेज वापरतो, मीच त्याला टाकून दिलेलं, त्याच्या कॉम्प्युटरवर दिवसभर अनोळखी माणसांचे फोटो उघडतात, कुणाचं आधार, कुणाचा सातबारा. त्याला काही झालं नाही. पण त्याला जाऊन सांगताना मला जे वाटलं ते अजून विसरलो नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. दोन दिवसांत दुरुस्ती देणं जमत नसेल तर पॅकेजच्या पानावर सरळ लिहितो, यात माहीत असलेलं भोक आहे, तोवर फायरफॉक्स वापरा. लिहायला कमीपणा वाटतो, तरी लिहायचं. आणि दुसरं म्हणजे एकट्यानं करत नाही, आमच्यात आता दोघं आहोत, परीक्षा, लग्न, पेरणी, कुणाला ना कुणाला काहीतरी असतंच. हां, जोडीदार घाईनं घेऊ नका बरं का. एक्सझेड नावाच्या, फाईली दाबून लहान करणाऱ्या टूलचं झालं ते बघा, मार्च २०२४ मध्ये उघड झालं, थकलेल्या मेंटेनरला मदत करत करत एका माणसानं दोन वर्षांत विश्वास मिळवला आणि मागचं दार घालून ठेवलं. पॅकेज खरं आहे याची डिजिटल सही करायची किल्ली माझ्याकडंच आहे आणि ती बिल्डच्या मशीनवर नसते.

आणखी एक, लोकांच्या शिव्या खायची तयारी ठेवा. मार्च २०२१ मध्ये गूगलनी बाहेरच्या क्रोमियम बिल्डांचं सिंक (गूगल खात्यातून बुकमार्क, पासवर्ड सगळीकडं आणणारी सोय) बंद केलं तेव्हा माझ्याकडं रोज कुणीतरी बुकमार्क गेले म्हणून भांडायला यायचं, त्यात मेंटेनर काही करू शकत नाही, तरी प्रत्येकाला नीट उत्तर द्यावंच लागतं.

तर ८ जीबीवर आणि एकट्यानं, पूर्ण जबाबदारी आत्ता घेऊ नका असंच म्हणेन. पण पॅकेज सोडून बी देऊ नका. जो कुणी घ्यायला तयार होईल त्याच्यासोबत टेस्टिंग घ्या, याला तुमचा लॅपटॉप पुरतो आणि इथं मराठी माणसाची खरी गरज आहे. मी एक पान करून ठेवलंय, त्यात दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या, बिऱ्हाड, ॲप, ऑफिस, ळ असलेले शब्द. प्रत्येक बिल्डवर ते उघडायचं, मग त्याचं पीडीएफ करून प्रिंट काढायची, कारण स्क्रीनवर बरोबर दिसणारा ऱ्य कागदावर तुटलेला मी दोनदा पाहिलाय, आणि बाहेरच्या टेस्टरला तो तुटलाय हेच कळत नाही. मग व्हिडिओ, माइक, फाईल अपलोड. दोन-तीन रिलीज असं करा, पॅच कुठं मोडतात ते बघत राहा, एखादा छोटा पॅच स्वतः बसवून पाठवा. तोवर रॅम वाढवायची सोय झाली तर मला कमेंटमध्ये सांगा, पहिला बिल्ड सोबत बसून करू.