बी.एड.नंतर इंग्लंडला यायचं म्हणता, त्याबद्दल

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही, म्हणून लांबलचक लिहिते आहे. तुम्ही बी.एससी. बी.एड., सातारा जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेत आठ वर्षं गणित शिकवताय, मुलगा सात वर्षांचा. इंग्लंडला येऊन पीजीसीई (इथला शिक्षक होण्याचा एक वर्षाचा कोर्स) करावी की एमए एज्युकेशन, तिथला अभ्यास आपल्या बी.एड.पेक्षा किती वेगळा असतो, मुलाला बरोबर आणावं का, आणि एकटेपणा जाणवतो का, असं विचारलंत. मीही गणिताचीच. कराडजवळच्या एका शाळेत सात वर्षं शिकवलं, २०११ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, २०१४-१५ ला पीजीसीई केली आणि पुढे नोकरी सांभाळून अर्धवेळ एमए.

व्हिसाची फी, आयएलटीएस, बँकेत किती पैसे दाखवायचे हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, तिथेच बघा. एजंट ज्या दोन गोष्टी सांगत नाहीत तेवढ्या मी सांगते. पहिली म्हणजे एमए एज्युकेशन ही शिकवण्याची पात्रता नाही. १८० क्रेडिट्सची पदवी मिळते, त्यातले बहुधा ६० प्रबंधाचे, पण वर्गावर शिक्षक म्हणून उभं राहायला जे क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा सरकारी दर्जा, लागतं ते त्यातून मिळत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघी लाखोंचं कर्ज काढून आल्या आणि हे त्यांना इथे आल्यावर कळलं. दुसरी गोष्ट अशी की जानेवारी २०२४ पासून एमए किंवा पीजीसीईसारख्या, म्हणजे संशोधनाच्या नसलेल्या, कोर्सला विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना मुलं-नवरा आणता येत नाहीत. म्हणजे मुलाचा प्रश्न तुमच्या मनात शेवटी असला तरी ठरवताना तो पहिला येतो.

आणि तुम्हाला पीजीसीई लागेलच असंही नाही. मी आले तेव्हा आपल्या बी.एड.ला इथे थेट दार नव्हतं. फेब्रुवारी २०२३ पासून गणित, विज्ञान किंवा भाषा ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्याची पात्रता असलेल्या भारतीय शिक्षकांना बी.एड. आणि अनुभवाच्या जोरावर क्यूटीएससाठी थेट अर्ज करता येतो. आधी ते तपासा. एखाद्या शाळेने नोकरी देऊन कामाच्या व्हिसावर आणलं तर मुलाचा मार्ग वेगळा होतो.

कागदपत्रांचं मात्र मनावर घ्या, आजपासून. माझी दहावी-बारावी माहेरच्या नावाने, बी.एससी.ची पहिली दोन वर्षं माहेरच्या, तिसरं सासरच्या, बी.एड. सासरच्या, आणि पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं यावर पुन्हा घोळ. आपल्याकडे हे कोणालाच खटकत नाही. इथल्या कार्यालयातून मला पत्र आलं की या तीन व्यक्तींचा परस्परसंबंध सिद्ध करा. लग्नाचा दाखला पाठवला, तर तो मराठीत. भाषांतर पाठवलं, तर भाषांतरकाराचा शिक्का नाही. मग राजपत्रात नाव बदलल्याची नोंद. माझे वडील तेव्हा सत्तरीचे होते. ते माझ्यासाठी विद्यापीठाच्या खिडकीवर तीन वेळा रांगेत उभे राहिले, कारण गुणपत्रिका सीलबंद पाकिटात हवी होती आणि पाकिटाच्या जोडावर सही राहून गेली होती. तिसऱ्या खेपेला त्यांना चक्कर आली. मला ते दोन वर्षांनी कळलं, आईकडून. तुम्ही अजून तिथे आहात तोवर गुणपत्रिका, शाळेचं अनुभव प्रमाणपत्र, माध्यमाचा दाखला आणि पोलीस प्रमाणपत्र स्वतः जाऊन घ्या. म्हाताऱ्या माणसांवर सोडू नका.

आता अभ्यासाबद्दल. माझं बी.एड. एका वर्षाचं होतं, तुमचं बहुतेक दोन वर्षांचं असेल. आपण काय केलं? सूक्ष्मपाठ, सरावपाठ, हर्बार्टची पंचपदी म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, पाठ टाचणाच्या वह्या, कार्डशीटचे तक्ते. मागच्या बाकावर प्राध्यापक निरीक्षणाचा कागद घेऊन बसायचे: फलकलेखन, आवाज, प्रश्नांचं वितरण. ते वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. माझं फलकलेखन बघून इथले सहकारी आजही थांबतात. पण त्या कागदावरचं सगळं शिक्षिकेबद्दल होतं. इथे पीजीसीईत किमान १२० दिवस शाळेत जावं लागतं, निदान दोन वेगळ्या शाळांत, आणि तिथला मार्गदर्शक शिक्षक तास संपल्यावर विचारतो की मुलं काय शिकली, आणि ते तुला कशावरून कळलं?

माझा चौथा की पाचवा तास असेल. अपूर्णांकांचा भागाकार. सात वर्षं शिकवलेला धडा, दुसऱ्या अपूर्णांकाचा व्यस्त घ्यायचा आणि गुणायचं. पोरांची उत्तरं बरोबर आली. तास संपल्यावर मार्गदर्शक बाई एवढंच म्हणाल्या, "व्यस्त का घ्यायचा?" मी नियम पुन्हा सांगितला. त्या म्हणाल्या, "हो, पण का?" मला उत्तर देता येईना. त्या रात्री कागदावर तीन भाकरी काढल्या, प्रत्येकीचे दोन तुकडे केले आणि मोजले, सहा. तीनला अर्ध्याने भागलं तर सहा का येतं, हे मी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. कराडच्या त्या सात वर्षांतली मुलं आठवून वाईट वाटलं. त्यांच्यातल्या एकाने तरी 'का' विचारलं असेल आणि मी त्याला खाली बसवलं असेल.

लेखनाचं तंत्र इथे वेगळं आहे. प्रश्नाला उत्तर न लिहिता मत मांडायचं, ज्याचं मत घेतलं त्याचं नाव सांगायचं, त्याच्याशी कुठे पटत नाही तेही लिहायचं. आणि 'मी' वापरायचा. आपल्याला 'मी' लिहायची सवय नाही, आपण 'असे आढळून येते' लिहितो. माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात प्राध्यापकांनी लिहिलं होतं, "यात तू कुठे आहेस?" संशोधनाचं म्हणाल तर इथले शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्येच मांडलं की वर्गातला शिक्षक हाच संशोधक असायला हवा, आणि इथले अभ्यासक्रम अजून त्या विचारावर उभे आहेत. पण मुलांना साधा प्रश्न विचारायचा तरी आधी नैतिक मान्यतेचा अर्ज, पालकांची संमती, मुलाची स्वतःची संमती. सुरुवातीला जाच वाटतो. नंतर मला ते आवडायला लागलं.

मुलाबद्दल विचारलंत, ते मला सगळ्यात जड जातंय. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आला. पहिली मराठी माध्यमात करून आला होता, बाराखडी पक्की, दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ. इथल्या शाळेत त्याला सगळ्यात मागच्या टेबलावर बसवलं आणि वाचायला गुलाबी पट्टीचं पुस्तक दिलं, म्हणजे अगदी सुरुवातीचं, एका पानावर चार शब्द. दोन आठवड्यांनी त्याच्या वाचनाच्या वहीत बाईंनी लिहून पाठवलं की घरी कृपया फक्त इंग्रजी बोला. मी स्वतः शिक्षिका. शिक्षिकेने लिहिलंय म्हणजे खरंच असणार असं मानलं. फ्रिजवर कागद लावला, शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत इंग्रजी.

एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते. तो तव्याला हात लावून बसला. ओरडला नाही. बोट धरून माझ्याकडे बघत उभा राहिला, ओठ हलत होते, शब्द शोधत होता. 'चटका'ला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याला येत नव्हतं, आणि मराठीत बोलायचं नाही हे त्याने माझ्यासाठी पाळलं. शेवटी नुसतं "हॉट" म्हणाला. मी बोट नळाखाली धरलं. तेव्हाही मराठीत काही बोलले नाही.

तीन वर्षांनी पीजीसीईत दुसरा निबंध पडला, ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशी मुलं. माझ्या वर्गात एक मुलगी तोंडातल्या तोंडात स्वतःच्या भाषेत मोजायची, आकडेमोड अचूक, पण शाब्दिक उदाहरणं कोरी. तिच्यावर चार हजार शब्द लिहिले. त्यासाठी कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स वाचले. ते म्हणतात, रोजच्या बोलण्याची भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात लागतात, आणि घरच्या भाषेत पक्कं झालेलं ज्ञान दुसऱ्या भाषेत उतरतं. मग ग्रंथालयात बुलक समितीचा १९७५ चा अहवाल हाती आला. त्यात स्वच्छ म्हटलंय की शाळेचा उंबरठा ओलांडताना कुठल्याही मुलाला घरची भाषा आणि संस्कृती टाकून द्यायला लावू नये. इंग्लंडच्याच सरकारी समितीचं म्हणणं, मी यायच्या छत्तीस वर्षं आधीचं. आणि आमच्या बी.एड.लाही ताराबाई मोडक, अनुताई वाघ, त्यांचं बोर्डी-कोसबाडचं आदिवासी मुलांच्या शिक्षणाचं काम परीक्षेला होतं. मुलाच्या बोलीतून शिकवायचं, हे मी उत्तरपत्रिकेत लिहून गुण घेतले होते.

निबंधात मी लिहिलं की त्या मुलीला तिच्या भाषेत मोजू द्या. चांगले गुण पडले. फ्रिजवरचा कागद तोवर गेला होता, कारण त्याची गरज उरली नव्हती. मुलगा मराठी बोलणं सोडून बसला होता. स्वतःच्या घराबद्दल मी एक ओळही लिहिली नाही, आणि 'यात तू कुठे आहेस' हे त्या निबंधाच्या समासात कोणी लिहिलं नाही.

एमएच्या प्रबंधाला मराठी कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या ठरवल्या होत्या. मान्यतेच्या अर्जात प्रश्न होता की मुलाखतीतून कोणाला त्रास होऊ शकतो का. तिथे अडकले. विषय बदलला, बीजगणितावर केला. त्याची खंत आहे.

तो आता वीस वर्षांचा आहे, विद्यापीठात आहे, चांगला आहे. आजीचा फोन आला की "बरी आहेस ना, जेवलीस का" एवढं विचारतो आणि फोन माझ्याकडे देतो. आजी म्हणते, पोरगं लाजतंय. मी काही बोलत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो. कामाला लागलं की निभतं, त्यासाठी बेत बदलू नका.

माझं मत विचाराल तर थेट क्यूटीएसचा अर्ज करा, नोकरी मिळाली तर मुलाला घेऊन या. एमए इथे स्थिरावल्यावर अर्धवेळ करता येतं, आणि वर्गावर असताना केलेलं जास्त अंगी लागतं. बॅगेत बालभारतीची पुस्तकं भरा, त्याच्या इयत्तेची आणि पुढच्या दोन इयत्तांची. शाळेने काहीही लिहून पाठवलं तरी घरात मराठीच बोला आणि बाईंना भेटून तसं सांगा. लंडनच्या जवळ असाल तर महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. बाकी ठिकाणी शनिवार-रविवारी चालणारे मराठीचे वर्ग शोधावे लागतात. मी शोधले नव्हते.

मुलगा मराठी माध्यमात आहे की सेमीला, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तेवढं कळवा. आणि तुमच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव कोणतं आहे तेही.